पन्नी उमरेडची, समुद्र बंगालचा

समुद्रातल्या प्लास्टिकचा विषय निघाला की डोळ्यांपुढे वर्सोव्याचा किनारा येतो. पण उमरेडचे पाणी अरबी समुद्राकडे जातच नाही. आमची आम नदी आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. पुढे गोसेखुर्दचे धरण, मग प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. आमच्या नालीतली पन्नी या वाटेवर आहे. म्हणून सरकारी धोरण तपासताना मी पन्नीच हाती घेतो, तीही खर्ऱ्याची.

राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ची. दंडाची कारवाई 23 जूनपासून. पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. कागद कडक होता. पण कारवाईला पंधरवडा उलटायच्या आत किरकोळ दुकानांतल्या जाड वेष्टनाला सूट मिळाली. केंद्राचा भरही जाडीवरच: पिशवी आधी 50 मायक्रॉनची, 30 सप्टेंबर 2021 पासून 75, 31 डिसेंबर 2022 पासून 120. हे गणित खोटे नाही. जाड पिशवीला वजन असते, म्हणून भंगारात भाव मिळतो, म्हणून कचरा वेचणारी बाई ती उचलते. पातळ पन्नी दिवसभर वेचली तरी चहाचे पैसे सुटत नाहीत.

खर्ऱ्याची पन्नी तर पिशवीही नाही. सुपारी, तंबाखू, चुना तिच्यात घोटायचा, गुंडाळून द्यायचा. खर्रा तोंडात, पन्नी नालीत. खरे तर तंबाखू, गुटखा, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकायला 2016 च्या केंद्रीय नियमांत मनाईच आहे. नवा कायदा कशाला हवा? राज्याच्या अधिसूचनेत उत्पादनावरही बंदी आहे. मी पाहिलेली जप्ती मात्र पानठेल्यावरचीच. पन्नीचा गठ्ठा ज्या कारखान्यातून निघतो तिथे कोणी जात नाही. ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात जागतिक प्लास्टिक कराराची बोलणी फिसकटली, तीही मुख्यतः याच वादावर: उत्पादनाला मर्यादा घालायची, की नुसता कचरा आवरायचा.

2018 च्या अधिसूचनेतले सगळ्यात शहाणे कलम मला दुधाच्या पिशवीचे वाटते. पिशवीवर परतीची किंमत छापायची, निदान 50 पैसे, आणि रिकामी पिशवी दुकानातच परत घ्यायची. जाडीने जो भाव येतो, तो इथे कायद्यानेच दिला होता. उमरेडात अशी पिशवी परत घेणारे एकही दुकान मला अजून सापडलेले नाही.