उजेड मोजायचा कुठे? 'स्मृतिचित्रे' वाचताना

आज एका पुस्तकाबद्दल बोलूया. ते माझ्या विषयाचं नाही. मी फिजिक्सवाला. पण पुरावा कशाला म्हणायचं, हे मला त्यातून जास्त कळलं.

बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात श्रद्धावंतांना प्रकाशाची माणसं म्हणून जगायला सांगितलंय. वाक्य सुंदर आहे, पण संशोधक म्हणून तुम्ही विचाराल, हे तपासायचं कसं? एखादा समाज स्वतःला उजेडातला म्हणतो, एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. पत्रातच दोन खुणा सापडतात. एक, चांगुलपणा, न्याय आणि सत्य ही उजेडाची फळं. दोन, उजेड पडला की झाकलेलं उघड होतं.

या खुणा घेऊन लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचा. ते 1934 ते 1937 मध्ये भागांनी आलं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग जात देवाने केली की माणसाने, याचा त्यांनी स्वतःच विचार केला आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली.

हा क्रम नीट बघा. आपण सहसा धरून चालतो की आधी धर्मांतर आणि मग वागणं बदलतं. इथे उलटं झालंय. गृहीतक असं मोडतं तेव्हा साधन कामाचं आहे असं समजा.

दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. टिळकांचा तापटपणा, घरात पैसा न टिकणं, स्वतःचा हट्ट, स्वतःचा विटाळाचा भ्रम, काहीच बाई झाकत नाहीत. उलट त्यावर हसतात. नवऱ्याची आरती करणारं चरित्र लिहिणं सोपं होतं. त्यांनी उजेड आधी स्वतःच्या घरात पाडला. म्हणून बाकीच्या गोष्टींवरही माझा विश्वास बसतो.

पण टीका करायची तर पूर्ण करूया. अहमदनगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आले होते. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या हातचं पाणी घेतलं, हे आपल्याला कळतं. पाणी देणाऱ्याला काय वाटलं, ते या पुस्तकातून फारसं कळत नाही. आठवणी अनेक वर्षांनी लिहिलेल्या, त्याही एका ब्राह्मण घरातून आलेल्या बाईच्या. हा लेखिकेचा दोष नाही, साधनाची मर्यादा आहे. एवढ्यावरून 'मराठी ख्रिस्ती समाजात जात संपली' असं कुणी लिहिलं, तर तो निष्कर्ष चुकीचा. टिळकांनाही चर्चची चौकट अपुरी वाटली असावी. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

हे पुस्तक मी गडबला घरी वाचत होतो. रात्री बाहेर आलो तर डोलवीच्या कारखान्याचा उजेड ढगांवर दिसत होता. ढग नसते तर तो आभाळात जवळजवळ दिसलाच नसता. उजेड बाजूने दिसत नाही, तो कशावर तरी पडावा लागतो. श्रद्धेचंही तसंच असावं. ती प्रवचनात शोधू नका. पाण्याच्या घड्यावर, ताटावर, पैशाच्या भांडणावर ती पडते का, ते बघा.

आता तुमच्यासाठी काम. आपल्या प्रस्तावातलं एक मोठं विशेषण निवडा, 'समतावादी', 'प्रगत', काहीही. त्याच्यापुढे लिहा: हे कशावर पडलेलं मला दिसलं? आणि कुणाच्या बाजूने मी पाहिलंच नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर ते विशेषण खोडा. मी माझ्या प्रस्तावातली तीन खोडली.