कातडी, मन आणि शाप

अभ्यंगस्नानाच्या दिवसांत कातडीविषयी लिहिणे तसे प्रसंगाला धरूनच आहे. उटणे, तेल, सुवासिक साबण आणि नवे कपडे यांनी दिवाळीचे चार दिवस भरलेले असतात. याच दिवसांत घरातली एखादी मुलगी पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज शिवून मागते आणि भाऊबिजेच्या फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. तिच्या कोपरावर कोडाचा डाग असतो, नाहीतर सोरायसिसची खपली. हे डाग जिवावर बेतत नाहीत, म्हणून घरची वडील मंडळी 'एवढे काय मनाला लावून घ्यायचे' असे म्हणून मोकळी होतात. साहित्याने मात्र या दुखण्यांना कधीच हलके मानले नाही. उलट त्यांच्यावर नको इतके जड अर्थ लादले.

कृष्णपुत्र सांबाला पित्याच्या शापाने कुष्ठ जडले आणि सूर्योपासनेने ते फिटले, असे आपली पुराणे सांगतात. मयूर कवीचे कुष्ठ 'सूर्यशतक' रचल्यावर गेले, ही आख्यायिकाही जुनीच. बायबलातला ईयोब अंगभर फोड घेऊन राखेत बसतो, खापरीने अंग खाजवतो, आणि भेटीस आलेले मित्र त्याला समजावतात की, बाबा रे, तुझ्या हातून काही पाप घडले असले पाहिजे. त्या ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर! ईयोबाच्या मित्रांची परंपरा मात्र अद्याप खंडित झालेली नाही. ते आता पापाऐवजी 'टेन्शन' म्हणतात, इतकेच.

डेनिस पॉटर या इंग्रज नाटककाराची 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' ही सहा भागांची मालिका बी.बी.सी.ने 1986 साली दाखवली. पॉटर स्वतः अनेक वर्षे सोरायसिस आणि त्यातून उद्भवणाऱ्या सांधेदुखीने ग्रासलेला होता. मालिकेचा नायक मार्लो हा रहस्यकथा लिहिणारा लेखक. सोललेल्या अंगाने तो रुग्णालयाच्या खाटेवर पडून आहे. मायकेल गॅम्बन या नटाने ही भूमिका केली. एक तरुण परिचारिका त्याच्या अंगाला मलम चोळते आणि तो मनाला आवर घालण्यासाठी जगातल्या साऱ्या कंटाळवाण्या गोष्टी आठवू लागतो. हा प्रसंग हसवतो, आणि हसता हसता प्रेक्षक खजील होतो. परक्या हातात सोपवलेल्या देहाची विटंबना इतक्या निर्दयपणे आणि इतक्या विनोदाने क्वचितच कोणी दाखवली असेल.

पण पुढे मानसोपचारतज्ज्ञ येतो. मार्लोचे बालपण उकलले जाते, आईचा व्यभिचार आणि मृत्यू, शाळेत एका निरपराध मुलावर त्याने घातलेला आळ, हे सारे वर येते आणि शेवटी मार्लो आपल्या पायांनी रुग्णालयाबाहेर पडतो. नाट्य म्हणून हे विलक्षण रंगते. पण मला इथे शंका येते. सांबाला पित्याचा शाप होता, मार्लोला आपल्याच अपराधाचा. ऋषींच्या आसनावर मानसशास्त्रज्ञ येऊन बसला म्हणजे शापकथा संपते असे नाही. खपली ही दडपलेल्या पापाची खूण ठरली, की ज्याच्या अंगावर ती आहे त्याने आणखी एका गोष्टीचा जाब द्यावयाचा!

मनाचा आणि त्वचेचा संबंधच नाही, असे मला म्हणावयाचे नाही. गर्भात मज्जासंस्था आणि बाह्यत्वचा एकाच थरातून घडतात. मनावरच्या ताणाने अनेकांचा सोरायसिस उसळतो, हे वैद्यक मानते. 1998 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. 37 रुग्ण प्रकाशोपचार घेत होते. त्यांपैकी ज्यांना उपचाराच्या वेळी ध्यानाच्या ध्वनिफिती ऐकवल्या, त्यांची त्वचा इतरांहून लवकर निवळली. परंतु ताणाने दुखणे वाढणे वेगळे आणि ताणामुळेच ते जडणे वेगळे. सोरायसिसच्या मुळाशी शरीराच्या संरक्षणयंत्रणेतला बिघाड असतो, पुष्कळदा तो वंशातून येतो. ताण त्या विस्तवावर फुंकर घालतो. शिवाय डाग हाच ताणाचे कारण असतो, हे तर सल्ला देणारे विसरूनच जातात.

ही उलटी बाजू जॉन अपडाइक (1932–2009) या अमेरिकन कादंबरीकाराने जितक्या बारकाईने लिहिली, तितकी दुसऱ्या कोणी लिहिल्याचे मला ठाऊक नाही. 1989 च्या 'सेल्फ-कॉन्शसनेस' या आठवणींच्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण त्याच्या सोरायसिसला दिले आहे. (या इंग्रजी शब्दात आत्मभानही आहे आणि अवघडलेपणही. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात सापडत नाहीत.) सहाव्या वर्षी गोवरानंतर हा आजार उसळला, आणि तो आईकडून आला होता. पुढे आयुष्यातल्या मोठ्या निर्णयांचा हिशेब तो मांडतो तो असा : लग्न लवकर केले, कारण ही त्वचा खपवून घेणारी मुलगी भेटली होती, न्यूयॉर्क सोडून 1957 साली समुद्राकाठच्या गावी गेलो, कारण तिथे वाळूत ऊन खाता येई, लेखक झालो, कारण त्या धंद्यात लोकांसमोर उभे राहावे लागत नाही. यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण पापपुण्य कुठेच नाही. कातडी ही कातडीच राहते आणि तरी तिने एका माणसाचे सारे आयुष्य वळवलेले दिसते.

त्याची 1976 सालची 'फ्रॉम द जर्नल ऑफ अ लेपर' ही कथा याहूनही धारदार आहे. तिचा नायक मातीची भांडी घडवणारा कारागीर. त्याला सोरायसिस आहे, पण तो स्वतःला कुष्ठरोगी म्हणवतो. बॉस्टनमध्ये औषध घेऊन विशिष्ट किरणांखाली उभे राहण्याचा उपचार होतो, आणि त्वचा निवळू लागते. तशी त्याची भांडी बिघडत जातात आणि प्रेयसीचे दोष त्याला खुपू लागतात. तिने प्रेम केले होते ते खवल्यांच्या माणसावर. गोऱ्या गुळगुळीत माणसाला तिची दया नकोशी होते. रोग गेला की सुख येते, या भाबड्या समजुतीला कथेने असा शांतपणे सुरुंग लावला आहे.

या उपचाराची शास्त्रीय वार्ता 1974 सालची. ती लिहिणाऱ्या चौघांत एक पाठक होते, हे वाचून मराठी वाचकाला उगाच बरे वाटेल. त्यात वापरलेले औषध सोरालेन कुळातले, आणि आपल्या बावचीच्या बियांत हेच द्रव्य असते. पांढऱ्या डागांवर बावची आणि ऊन हा आपल्या वैद्यांचा फार जुना उपाय. सांबाच्या सूर्योपासनेकडे शाप वगळून पाहिले तर तीही वेगळी दिसू लागते.

आपल्याकडे मात्र दुखण्याआधी शब्दच बोचतो. कोड संसर्गाने पसरत नाही, महारोगाशी त्याचे नातेही नाही, तरी 'श्वेतकुष्ठ' हे नाव त्याला चिकटून बसले. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनला अशा डागांच्या माणसांसाठी वधूवर मेळावे भरवावे लागतात, यावरून डागाची खरी जागा कोणती हे ध्यानात यावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2006 सालच्या 'नितळ' या मराठी चित्रपटाने ती जागा अचूक हेरली. देविका दफ्तरदारने साकारलेली नीरजा डॉक्टर आहे आणि तिच्या अंगावर पांढरे डाग आहेत. ज्याला तिच्याशी लग्न करावयाचे आहे त्याच्या घरी ती येते, आणि मग तपासणी तिची न होता त्या घराची होते. रोग्याच्या मनात शिरण्याऐवजी कॅमेरा पाहणाऱ्यांच्या नजरेकडे वळतो. पॉटरला जे सुचले नाही ते इथे सहज साधले आहे.

एक तक्रार आहे. नीरजा हुशार आहे, शिकलेली आहे, आपले म्हणणे ठामपणे मांडू शकते. एवढी शिदोरी असल्यावर एखाद्या घराने तिला स्वीकारले तर त्यात घराचा मोठेपणा कितीसा? दहावीला नापास झालेली, बोलायला बुजणारी, डाग नसता तरी कोणाच्या नजरेत भरली नसती अशी मुलगी तिच्या जागी आणून पाहा. ती दिवाणखान्यात चहाचा ट्रे घेऊन येते, बाही मनगटापर्यंत ओढलेली, आणि समोरच्या बाई कप घेण्यापूर्वी क्षणभर थांबतात. त्या क्षणाची मराठी कथा मला वाचावयाची आहे.