‘असावा’ आणि ‘आहे’ : रसायनाच्या अध्यापनातील मराठी

रसायनशास्त्राच्या मराठी अध्यापनाचा विचार निघाला की चर्चा बहुधा परिभाषेपाशी सुरू होते आणि परिभाषेपाशीच संपते. नागपुरास हा वाद जुनाच आहे. फाळणीच्या सुमारास लाहोरहून येथे आलेल्या डॉ. रघुवीर यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. त्यांच्या पद्धतीत ऑक्सिजन हा ‘जारक’, नायट्रोजन ‘भूयाति’ आणि कार्बन डायऑक्साइड ‘प्रांगार द्विजारेय’ होतो. पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे स्वीकारली आणि मराठी पाठ्यपुस्तकांतही ‘ऑक्सिजन’ स्थिरावला. वाद शमला, परंतु विज्ञानाची रीत विद्यार्थ्यास मराठीतून कशी उमगावी, हा मूळ प्रश्न मात्र बाजूस राहिला.

अन्वर्थक नाव हे एक संक्षिप्त विधानच असते, आणि विधान खोटेही ठरू शकते. १७७४ मध्ये प्रीस्टली याने पाऱ्याचे लाल भस्म तापवून जो वायू मिळविला, त्यास त्याने ‘फ्लॉजिस्टनविरहित हवा’ म्हटले. लाव्हाझिये याने त्याच वायूस ‘ऑक्सिजन’, म्हणजे अम्लजनक, हे नाव दिले. कारण सर्व अम्लांत हा वायू असतोच, अशी त्याची धारणा होती. १८१० मध्ये डेव्ही याने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले आणि मीठापासून मिळणाऱ्या अम्लात ऑक्सिजन नसतो हे स्पष्ट झाले. सिद्धांत गेला, नाव राहिले. बंगालीतील ‘अम्लजान’ या शब्दाने तर त्या चुकीचेच निष्ठापूर्वक भाषांतर केले. आपला ‘प्राणवायू’ही निर्दोष नाही. तो श्वसनाकडे लक्ष वेधतो. लोखंडाच्या गंजातही तोच आहे, याची सूचना त्या नावातून मिळत नाही. मराठी कानास ‘ऑक्सिजन’ या शब्दातून कोणताच अर्थबोध होत नाही, हा त्याचा दोष मानला जातो. अध्यापनाच्या दृष्टीने तो गुणच म्हटला पाहिजे. ज्या नावातून काहीच कळत नाही, त्या नावाच्या वस्तूची चौकशी करावीच लागते.

तथापि नावाहूनही अधिक अनर्थ क्रियापदाने केला आहे. ‘प्रयोगाने सिद्ध करा’ हे आपल्या प्रश्नपत्रिकांतील परिचित वाक्य पाहावे. येथे निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. प्रयोगाने केवळ त्याची साक्ष द्यावयाची. परिणामी वायुपात्रात निखारा असलेली काडी धरली असता विद्यार्थी निरीक्षण म्हणून लिहितो, ‘ऑक्सिजन बाहेर पडला’. वस्तुतः त्याने पाहिले ते इतकेच की काडी पुन्हा पेटली. ऑक्सिजन त्याने पाहिलेला नाही. पुस्तकातून आणलेला आहे. नायट्रस ऑक्साइडनेही अशी काडी पेटते, हे त्यास सांगितले म्हणजे त्याच्या वाक्यातील उडी ध्यानात येते.

आश्चर्य असे की ही उडी टाळण्याचे साधन मराठी क्रियापदात सिद्धच आहे. दारात चपला पाहून घरातील पोर ‘पाहुणे आले असावेत’ असे म्हणते, ‘आले आहेत’ असे म्हणत नाही. व्याकरणकार ज्यास विध्यर्थ म्हणतात, त्याचा तर्क हा एक मान्य अर्थ आहे. ‘काडी पेटली’ हे निरीक्षण. ‘हा वायू ऑक्सिजन असावा’ हा तर्क. ‘ऑक्सिजन असेल तर नायट्रिक ऑक्साइडशी मिसळताच तपकिरी धूर दिसेल, नायट्रस ऑक्साइड असेल तर दिसणार नाही’ हे भाकीत. आणि धूर दिसल्यावर, या दोहोंपुरता निवाडा झाल्यावर, ‘ऑक्सिजन आहे’ हा निर्णय. पेटली, असावा, दिसेल, आहे : या चार रूपांच्या क्रमात शास्त्रीय पद्धतीचा सांगाडा उभा राहतो.

लवणांच्या पृथक्करणाच्या वहीत ‘कृती, निरीक्षण, अनुमान’ असे रकाने असतात. सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका आला, तर ‘क्लोराइड असावे’. तो अमोनियात विरघळला, तर निश्चिती. अर्थात पद्धत वहीत आहे. परंतु विद्यार्थी निरीक्षणाचा रकाना उत्तर ठाऊक झाल्यावर मागाहून भरतो, आणि त्यास गुणही पूर्ण मिळतात. दोष विद्यार्थ्याचा नव्हे, गुणदानाचा आहे. सदरसारख्या वस्तीत एकाच गल्लीतील मुले मराठी, हिंदी व इंग्रजी माध्यमांतून तोच प्रयोग लिहितात. नावे भिन्न, चूक मात्र एकच.

म्हणून परिभाषेच्या पुढच्या आवृत्तीपेक्षा परीक्षेतील एका वाक्याचा बदल अधिक उपकारक ठरेल. ‘सिद्ध करा’ याऐवजी ‘काय दिसले, त्यावरून काय असावे, आणि ते नसल्यास कशावरून कळेल, ते लिहा’ असे विचारले जावे. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण आपले म्हणणे खोटे कसे ठरू शकेल हे ज्यास सांगता येत नाही, त्याचे खरे उत्तरही केवळ पाठांतरच असते.