दुसरं बोलावणं

पत्त्यांवर व्याख्यान, तेही सोलापुरात, म्हटल्यावर बरेच जण शेवटच्या रांगेत जाऊन बसलेत, हे मला इथून दिसतंय. बसा निवांत. ही शिकवणी नाही. पोकरच्या स्पर्धेत माणसाला दर डावाला एक निर्णय घ्यावा लागतो: लावायचं, चेक करायचं की पानं टाकून द्यायची? हा निर्णय तीन कृतींनी कसा दाखवलाय, एवढंच आज बघू. एक मार्गदर्शक पुस्तक, एक सिनेमा आणि एक महाभारतातलं सभापर्व.

आधी आपल्या ओळखीचे खेळ घेऊ. मेंढीकोटात सुटका नसते. वाट्याला आलेली तेराही पानं खेळावी लागतात, रडत खेळा नाहीतर हसत. तीन पत्तीत पॅक करता येतं, पण राहायचं असेल तर चाल द्यावीच लागते. पोकरमध्ये तिसरी एक वाट आहे. समोर कुणी लावलेलं नसेल, तर आपणही काही न लावता पाळी पुढे द्यायची. हा चेक. (आपल्या राज्याने कॅसिनोचा कायदा १९७६ साली केला, तो कधी लागू केला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. इतका लांब चेक मी दुसरा पाहिला नाही.) [हशा]

पण सोडण्याची खरी किंमत रमीवाल्यांना माहीत असते. पहिलं पान उचलायच्या आत ड्रॉप घेतला तर २० गुण, मधेच घेतला तर ४०, आणि आशेने शेवटपर्यंत बसलात तर ८० पर्यंत. १०१ च्या पूलमध्ये गुण भरले की माणूस बाहेर. स्पर्धेतल्या पोकरचं तत्त्व इथे जवळपास सगळं आलं. सोडणं फुकट नाही, आणि न सोडणं त्याहून महाग आहे.

आता स्पर्धेत काय वेगळं होतं? तिथल्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. हा मुद्दा ऐकायला सोपा, पचायला अवघड, म्हणून जरा हिशेब करू. तिघे उरलेत, तिघांकडे सारख्या चिप्स. बक्षिसं ५०, ३० आणि २० हजार. तिघे सारख्याच ताकदीचे धरा, म्हणजे आत्ता प्रत्येकाच्या जागेची किंमत ३३,३३३ रुपये. आता एकाने सगळं पुढे लोटलं आणि तुम्हाला विचार करायचाय. स्वीकारून हरलात तर तिसरा नंबर, २० हजार. जिंकलात तर दोन तृतीयांश चिप्स तुमच्या. पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरली तर तुमची जागा ४३,३३३ ची होते. वाढले किती? १० हजार. जाणार होते किती? १३,३३३. चिप्स दुप्पट होतात, किंमत दुप्पट होत नाही. म्हणून नाणेफेकीसारखा निम्मा-निम्मा कौल इथे तोट्याचा आहे. सुमारे ५७ टक्के खात्री असेल तरच हात घालावा.

आणि तो तिसरा? तो पानं टाकून चहा पितोय. बाकीचे दोघे भिडले, एक बाहेर गेला, आणि याची जागा ३६,६६७ ची झाली. काही न करता ३,३३३ रुपये आले.

हा हिशेब समजावणाऱ्या जातीची जी पुस्तकं आहेत, त्यांत मला डॅन हॅरिंग्टनचे ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’चे तीन खंड, २००४ ते २००६ मधले, आजही चांगले वाटतात. हा माणूस १९९५ चा जागतिक विजेता. जपून खेळायचा, म्हणून लोक चेष्टेने त्याला ‘अॅक्शन डॅन’ म्हणायचे. त्याची रीत आपल्या गाइडसारखी: पानं ही, तुम्ही बसलात इथे, चिप्स इतक्या, आता काय कराल? मग उत्तर. भाषा कोरडी आहे, पण प्रामाणिक. आपल्या चिप्सना तो एका फेरीच्या सक्तीच्या खर्चाने भागायला सांगतो. उत्तर २० च्या वर असेल तर वाट पाहायला जागा आहे. ५ च्या आसपास आलं की वाट पाहणंच तुम्हाला खातं. तेव्हा एकतर सगळं लावा नाहीतर टाका, मधलं काही नाही. संयमाचीही मुदत असते हे त्याने आकड्यात मांडलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

माझी तक्रार वेगळी आहे. त्याचा प्रत्येक प्रश्न एका डावापुरता आहे. पुस्तक तुम्हाला हात सोडायला शिकवतं. टेबल कधी सोडायचं, हा त्याचा विषयच नाही.

हे मला एका मुलामुळे उमगलं. ओळखीतलाच. सोडलेले डाव फोनवर मला दाखवायचा, आणि बहुतेक निर्णय खरंच बरोबर असायचे. पण त्याच संध्याकाळी त्याने त्याच स्पर्धेत चार वेळा प्रवेश घेतलेला असायचा. पुष्कळ स्पर्धांत ठरावीक वेळेपर्यंत री-एन्ट्री असते: बाहेर पडलात, पुन्हा फी भरा, नव्या चिप्स घेऊन बसा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो आहेतच.

‘कॅसिनो रॉयाल’ हा २००६ चा बाँडपट बघा. शेवटच्या डावात चार जण सगळं लावतात, आणि चौघांकडे अफाट पानं: एक फ्लश, दोन फुल हाउस, एक स्ट्रेट फ्लश. कुणाला सोडायचा प्रश्नच पडू नये अशी सोय लेखकांनी केली. पण त्याआधीचा प्रसंग खरा आहे. बाँड सगळं हरलाय, पुन्हा बसायला पन्नास लाख डॉलर मागतोय, आणि सरकारी पैसा सांभाळणारी वेस्पर त्याला सरळ नाही म्हणते. संपूर्ण सिनेमातला हा सर्वांत चांगला फोल्ड, आणि तो न खेळणाऱ्या बाईने केलाय. मग दुसराच कुणी पैसे देतो, बाँड जिंकतो, वेस्पर भित्री ठरते. निकालावरून निर्णय तपासायचा नसतो, हे पोकरचं पहिलं सूत्र. सिनेमाने तेच मोडलं.

आता सभापर्व. कीर्तनांतून आणि टीव्हीवरून आपल्याला शकुनीचे बापाच्या हाडांचे फासे माहीत आहेत. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ती कथा नाही. लोकांनी ती का जोडली असेल? कारण फासे मंतरलेले म्हटले की युधिष्ठिराला काही ठरवायचंच उरत नाही. मूळ ग्रंथ इतका दयाळू नाही. धन, राज्य, नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, स्वतः, द्रौपदी: प्रत्येक पायरीवर थांबायला जागा आहे आणि तो पुढे जातो.

मग द्रौपदीला वर मिळतात. पहिल्या वराने ती युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्याने शस्त्रांसह बाकीच्या चौघांना. धृतराष्ट्र म्हणतो, तिसरा माग. ती नको म्हणते. समोरचा देतोय, वारं आपल्या बाजूचं आहे, आणि ती थांबते. त्या सभेत थांबणं जमलेली ती एकटी. आणि ती खेळायला बसलेलीच नव्हती.

धृतराष्ट्र सगळं परत देतो. चिप्स परत, राज्य परत, मंडळी घराकडे निघालेली. तेवढ्यात वाटेत निरोप्या गाठतो: पुन्हा या, एकच डाव. हरणाऱ्याने बारा वर्षं वनात, तेरावं अज्ञातवासात. या वेळी युधिष्ठिराकडे माहिती अपुरी नाही. समोरचा कोण आहे, काय होणार आहे, सगळं ठाऊक आहे, आणि तसं तो बोलूनही दाखवतो. वडीलधाऱ्याची आज्ञा मोडवत नाही, म्हणतो, आणि परत फिरतो.

हॅरिंग्टनला विचारलं असतं तर त्याने विचारलं असतं, चिप्स किती आहेत? चिप्स भरपूर होत्या हो.

प्रश्न घेऊ. माईक जरा मागे द्या.