सत्त्वाचा हिशेब

विज्ञानकथा आणि परीकथा यांची भेळ, अशी ‘शॅडोरन’ची संभावना अनेकदा होते. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला हा भूमिकाखेळ टेबलाभोवती बसून, बोलत आणि फासे टाकत खेळायचा असतो. एक सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात. काळ २०५०चा, शहर सिएटल. २०११मध्ये जादू जगात परतलेली आहे, माणसांच्या शेजारी ऑर्क आणि ट्रोल राहतात, आणि बड्या कंपन्यांच्या आवारात देशाचा कायदा चालत नाही. सायबरपंकचे अध्वर्यू विल्यम गिब्सन यांनाही हे मिश्रण रुचले नव्हते.

हा खेळ खेळताना मला महत्त्वाचा वाटला तो त्यातला एक नियम. प्रत्येक पात्राकडे सुरुवातीला ‘इसेन्स’चे सहा गुण असतात. मी त्याला ‘सत्त्व’ म्हणतो. शरीरात यंत्र बसवले की सत्त्व घटते. जुन्या आवृत्त्यांत यांत्रिक हाताला एक गुण जातो. चपळाई वाढवणाऱ्या तारांच्या पहिल्या पायरीला दोन, तर तिसरीला पाच. सत्त्व संपले की पात्र मरते. जादूगाराची जादूही सत्त्वाबरोबर उतरते. म्हणून भेळेचा आक्षेप मला पटत नाही. इथे जादू आणि यंत्र एकाच खात्यावर जगतात, आणि पोटासाठी अंगात यंत्र बसवून घेणारा काय गमावतो, ते आकड्यांत समोर दिसते.

माझा आक्षेप वेगळा आहे. अपघातात हात गेलेल्या कामगाराला यांत्रिक हात बसवला, तरी तोच एक गुण जातो. मराठीत सत्त्व जाते ते कृतीने. कर्णाने अंगची कवचकुंडले कापून दिली तेव्हा देह उणा झाला, सत्त्व नव्हे. या खेळात पैसे घेऊन खून करणाऱ्याचे सहा गुण शाबूत राहतात, आणि यांत्रिक हाताने लेकराला उचलणारा पाचावर येतो. अपंगत्वाला माणूसपणातली घट मानणारा हा हिशेब मला मान्य नाही.

भूमिकाखेळात सूत्रधार नियम बदलू शकतो. सत्त्वाचा नियम काढून टाकावा असे मी म्हणणार नाही. तो काढला तर खेळाचा कणाच जाईल. मात्र हौसेने किंवा हावेने घेतलेल्या यंत्राला किंमत लावावी, आणि गमावलेला अवयव भरून काढणाऱ्याला ती माफ करावी.