जॅक पार्सन्स : चरित्र आणि आख्यायिका

अग्निबाणविद्येचा एक आद्य प्रवर्तक जॉन व्हाइटसाइड ऊर्फ जॅक पार्सन्स हा १७ जून १९५२ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे घरच्या प्रयोगशाळेतील स्फोटात मरण पावला. त्या वेळी तो ३७ वर्षांचा होता. वार्ता कळताच त्याच्या आईनेही त्याच दिवशी आत्महत्या केली. चौकशीअंती हा अपघात ठरला. तथापि आत्मघात व घातपात यांविषयीच्या शंका मागे राहिल्याच. अॅलिस्टर क्रोली याच्या गूढपंथाचा तो अनुयायी होता आणि १९४६ मध्ये एल. रॉन हबर्ड याच्यासह त्याने मांत्रिक विधीही केले होते. त्यामुळे अशा मृत्यूत लोकांना नियतीचा संकेत दिसावा, हे स्वाभाविकच होय.

परंतु चरित्रलेखनाचा धोका नेमका येथेच आहे. ‘सेक्स अँड रॉकेट्स’ (१९९९) आणि ‘स्ट्रेंज एंजल’ (२००५) या चरित्रग्रंथांची नावे पाहिली, तरी भर कोठे आहे हे ध्यानात येते. शेवटच्या क्षणाच्या प्रकाशात सारे आयुष्य वाचले, म्हणजे त्या आयुष्यातील खरे कार्य अंधारात जाते.

ते कार्य कोणते? १९४१ मध्ये विमानाच्या उड्डाणास साहाय्यक म्हणून वापरलेले दाबून भरलेल्या दारूचे अग्निबाण साठवणीत टिकत नसत. तापमान बदलले की दारूला तडे जात. तड्यांमुळे जळणारा पृष्ठभाग वाढे, दाब चढे आणि नळी फुटे. १९४२ मध्ये पार्सन्सने डांबर वितळवून त्यात पोटॅशियम परक्लोरेट मिसळले व ते मिश्रण नळीत ओतले. ओतता येणाऱ्या घन प्रणोदकांची परंपरा येथून सुरू झाली. पुढे डांबराच्या जागी रबरासारखे बंधक आले आणि अवकाशयानांचे प्रचंड घन अग्निबाण याच तत्त्वावर उभे राहिले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसाने हे केले, हे विशेष.

या शोधाचे श्रेय मंत्रविद्येला देणे जितके चूक, तितकेच त्याची श्रद्धा लाजेने झाकणेही चूक. श्रद्धेने त्याच्या मनाचा कल कळतो; प्रणोदकाची सिद्धता मात्र चाचणीच्या ओट्यावरच झाली. ही दोन प्रमाणे चरित्रकाराने वेगळी ठेवली पाहिजेत.

१९७२ मध्ये चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका विवरास पार्सन्सचे नाव देण्यात आले. त्यास ‘अंधारी बाजू’ म्हणून या योगायोगाचे कौतुक केले जाते. वस्तुतः तेथेही आपल्याकडील बाजूइतकेच ऊन पडते. ती पृथ्वीवरून दिसत नाही, एवढेच.