काकांच्या विमानाचा रंग

महाराष्ट्र दिनाला आपल्या मंडळात मुलांनी ‘मराठी शास्त्रज्ञ’ असं छोटंसं प्रदर्शन मांडलं होतं, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. माझ्या मुलाच्या वाट्याला डॉ. विष्णू माधव घाटगे आले. नाव ऐकून निम्म्या पालकांनी “हे कोण?” असं विचारलं. त्यात आपला काही दोष नाही, शाळेत आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घाटगे जर्मनीत ग्यॉटिंगेनला प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-2 या विमानाचं डिझाइन केलं. नव्या वैमानिकांना उड्डाणाची बाराखडी शिकवणारं, पंख्याचं, दोन आसनांचं, 155 अश्वशक्तीचं हे छोटं विमान 5 ऑगस्ट 1951 रोजी पहिल्यांदा उडालं. भारतात डिझाइन होऊन भारतातच बांधलेलं हे पहिलं विमान. पुढे घानाच्या नव्या हवाई दलालाही आपण अशी 12 विमानं दिली.

आमच्या घरात या विमानाचं वेगळं अप्रूप आहे. माझे थोरले काका हवाई दलात फिटर होते. साठच्या दशकात ते बिदरच्या प्रशिक्षण केंद्रावर होते, आणि त्यांच्या हाताखालून हीच विमानं जायची. काका आता नाहीत. एचटी-2 च्या पंखावर हात ठेवून उभे असलेले काका असा एक फोटो मात्र आहे, आणि तो अर्थातच काळा-पांढरा आहे.

मुलाने बाल्सा लाकडाचं मॉडेल मन लावून केलं. रंग द्यायची वेळ आली आणि आमच्या घरी संसद भरली. एक मित्र म्हणाला, “अख्खं विमान तिरंगी करा, लांबून उठून दिसेल.” एका वहिनींना भगवा हवा होता, महाराष्ट्र दिन म्हणून. बाकीच्यांचं ठाम मत होतं, शिकाऊ विमान पिवळंच असतं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं असं की विमानाच्या रंगाला तीन वेगवेगळी कामं असतात आणि आपण त्यांची खिचडी करतो.

पहिलं काम तमाशाचं, चांगल्या अर्थाने. इथे साखीरला 2010 पासून एअर शो होतो. जानेवारी 2016 मध्ये आपलं तेजस प्रथमच भारताबाहेर आलं ते इथेच, आणि आपण सगळे उन्हात माना वर करून उभे होतो. अमिरातीच्या अल फुरसान पथकाची काळी-सोनेरी विमानं मुळात प्रशिक्षणाचीच आहेत. आपल्या सूर्यकिरण पथकाची 2011 पर्यंतची लाल-पांढरी किरण विमानंही तशीच, आणि त्या किरणच्या डिझाइनमागेही घाटगेच होते. या रंगांनी गर्दीचे डोळे खेचायचे असतात, आणि ते काम ते चोख करतात.

दुसरं काम रोजच्या कष्टांचं. शिकाऊ वैमानिक चुकणार हे गृहीत धरलेलं असतं, म्हणून त्याचं विमान इतरांना लांबून दिसलं पाहिजे. पिवळा आला तो त्यासाठी. पण इंग्लंडला एम.एस्सी. करत असताना डक्सफर्डला मी टायगर मॉथ पाहिलं, ते वरून हिरवं-तपकिरी आणि खालून पिवळं होतं. कारण सोपं आहे. युद्धात वरून येणाऱ्या शत्रूला ते दिसू नये आणि खालच्या आपल्या तोफांना ओळखू यावं. पुढे 1990 च्या दशकात ब्रिटिश हवाई दलाने तपासून पाहिलं, तर सगळ्यात उठून दिसणारा रंग चक्क काळा निघाला, आणि त्यांची हॉक प्रशिक्षण विमानं चकचकीत काळी झाली. आपल्याकडचं ऑगस्टमधलं धुळीने पांढुरकं झालेलं आकाश आठवा, म्हणजे लगेच पटेल. चंदेरी रंगाचंही तसंच. कापड ताणून बसवलेल्या जुन्या विमानांवर अॅल्युमिनियमची पूड घातलेला लेप देत, कारण तो कापडाला उन्हापासून वाचवतो. म्हणजे ‘शिकाऊ विमान पिवळंच असतं’ हे काही खरं नाही. ज्या त्या काळाची गरज, तसा रंग.

तिसरं काम आठवणीचं, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. जुनं विमान संग्रहालयात, चौकात किंवा मंडळाच्या टेबलावर ठेवलं की त्याचा रंग म्हणजे एक विधान होतं: ‘हे असं होतं.’ मग प्रश्न येतो, कधी? भारतीय हवाई दलाच्या चक्राचंच पाहा. महायुद्धात इकडच्या विमानांवरच्या चक्रातला लाल ठिपका काढला, कारण जपान्यांच्या लाल सूर्याशी घोटाळा होत होता. 1947 नंतर काही काळ अशोकचक्र आलं. 1950 पासून भगवा, पांढरा, हिरवा असं आजचं चक्र आलं. एकच टायगर मॉथ या तिन्ही काळांत उडालेलं असू शकतं. त्याला रंग देणं म्हणजे तीन हिंदुस्थानांपैकी एक निवडणं. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, हा बॅकअप कुठल्या तारखेचा ते आधी ठरवा. एका काळाचा नंबर, दुसऱ्या काळाचं चक्र आणि तिसऱ्याच कुठला तरी छानसा पिवळा, असं केलं तर ते विमान कुठल्याच दिवशी उडालेलं नसतं.

कोणी म्हणेल, इतका काटेकोरपणा कशाला? भावना महत्त्वाची. मान्य. 2018 मध्ये हवाई दलाला दुरुस्त करून मिळालेल्या जुन्या डकोटाला व्हीपी 905 हा नंबर दिला. 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला पहिले सैनिक घेऊन गेलेल्या डकोटाचा तो नंबर. हे विमान ते नव्हे. पण आपण हा नंबर मानवंदना म्हणून देत आहोत, हे उघड सांगितलं, म्हणून ते मला पटतं. भावनेला माझी हरकत नाही. ती खरेपणाचा वेष घेऊन आली की हरकत आहे. कारण मोठ्यांना शंका येते, मुलं मात्र जे दिसेल ते खरं धरून चालतात. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना तर गाव, सण, इतिहास सगळं आपण रंगवून देऊ तसंच दिसणार आहे.

शेवटी मी लातूरला काकूंना फोन केला. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून काहीच ठरेना. भगवा आणि हिरवा दोन्ही त्यात सारखेच करडे. काकू क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “अरे, ह्यांच्या नखांत पिवळा रंग असायचा. घासलेटने हात धुवून मग जेवायला बसायचे. पानावर बसले तरी वास यायचा.” मी विचारलं, “अख्खं विमान पिवळं होतं की नुसते पट्टे?” त्या हसल्या. “ते मी कशाला बघायला जातेय? मी नखं बघितली, तेवढं सांगितलं.”

मला वाटतं, एवढी प्रामाणिक साक्ष क्वचित मिळते.

आम्ही मॉडेल पिवळं रंगवलं, 1950 नंतरचं चक्र काढलं आणि खाली मुलाच्या अक्षरात चिठ्ठी लावली: ‘चक्र नोंदींवरून. पिवळा रंग आजीच्या आठवणीवरून. तो किती होता, हा आमचा अंदाज.’ प्रदर्शनात विमानापेक्षा ती चिठ्ठीच जास्त लोकांनी वाचली. एका छोट्या मुलीने विचारलं, “काका, मग खरं कुठलं?”

हा प्रश्न तिला पडला, यातच प्रदर्शनाचं सार्थक झालं असं मी समजतो. फोटोची प्रत आणि मॉडेल, दोन्ही आता मंडळाच्या कपाटात आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी बिदरचा रंगीत फोटो निघाला, तर जरूर कळवा. रंग पुन्हा द्यायची आमची तयारी आहे.